तारेवरची गाठ

गावाकडचा एखादा म्हातारा ‘छातीत मशीन बसवलंय’ असं सांगतो, तेव्हा त्याचं बोट खांद्याजवळच्या फुगवट्यावर असतं. कौतुक सगळं त्या पेसमेकरच्या डबीचं. तिच्यातून निघून शिरेवाटे काळजात उतरलेली वायर कुणाच्या खिजगणतीत नसते. डबीची बॅटरी आठ-दहा वर्षांनी संपते, मग डबी बदलतात. वायर मात्र शक्यतो तीच ठेवतात, कारण तोवर शरीरानं तिला आपल्यात बांधून घेतलेलं असतं.

ही वाट तशी नवी. 1929 साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच आत ठेवून एक्स-रे काढून घेतला. 1958 च्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये ओके सेनिंग यांनी पहिला पूर्णपणे शरीरात बसणारा पेसमेकर बसवला, पण त्याच्या तारा छाती उघडून हृदयाला बाहेरून जोडल्या होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सीमूर फर्मन यांनी छाती न उघडता शिरेतून तार आत नेली. तिच्यावर एका रुग्णाचं हृदय 96 दिवस चाललं. यंत्र अर्थात बाहेर, भिंतीतल्या विजेवर. पुढं जगानं फर्मन यांचाच रस्ता धरला आणि तार कायमची रक्तात मुक्कामाला आली.

रक्ताला परकी वस्तू खपत नाही. रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच रक्त गोठण्याची कारणं शोधताना प्रवाहातला अडथळा आणि शिरेच्या भिंतीची इजा यांवर बोट ठेवलं होतं. वायर दोन्ही करते. म्हणून पहिला थर बसतो तो फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या तंतूंचा), प्लेटलेट्सचा आणि त्यात अडकलेल्या तांबड्या पेशींचा: मऊ, ठिसूळ, ताजी गुठळी. काही आठवड्यांत तिच्यात तंतू विणणाऱ्या पेशी शिरतात, कोलॅजन घालतात, वर आतल्या अस्तरासारखा पातळ पापुद्रा चढतो. जिथं वायर भिंतीला घासते (गळ्याच्या हाडाखाली, वरच्या महाशिरेत, झडपेपाशी, टोकाला) तिथं ती भिंतीलाच जखडली जाते. वर्षं लोटली की त्यात कॅल्शियम साठतं आणि वायरीभोवतीचं हे म्यान काही ठिकाणी हाडासारखं कडक होतं. एकाच वायरीवर एका जागी पांढरी जुनी ऊती आणि वीतभर पुढं कालची लाल गुठळी, असंही सापडतं.

वायर बनवणाऱ्यांची खरी पंचाईत टोकाशी झाली. टोक रुतून बसलं नाही तर वायर सरकते. म्हणून त्याला काटे लावले, स्क्रू लावला. पण तिथं व्रण जाड झाला की हृदयाला चेतवायला जास्त वीज लागते आणि बॅटरी लवकर संपते. 1980 च्या दशकात टोकातच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भरलं, मिलिग्रॅमभर किंवा त्याहून कमी. ते हळूहळू पाझरतं आणि व्रण आटोक्यात राहतो. इतकी नेमकी आणि इतकी कंजूस औषधयोजना वैद्यकात विरळाच.

सगळ्या गाठी निरुपद्रवी नसतात. जंतू शिरले (बहुतेकदा कातडीवरचेच स्टॅफिलोकॉकस) तर फायब्रिन आणि प्लेटलेट्सच्या जाळ्यात त्यांच्या वसाहती आणि पांढऱ्या पेशींचा पू भरतो. घोटाळा असा, की इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) पडद्यावर साधी गुठळी आणि जंतूंची गाठ सारखीच हलताना दिसते. पहिलीला रक्त पातळ करायची औषधं देतात. दुसरीत अख्खी वायर काढावी लागते. म्हणून डॉक्टर नुसत्या चित्रावर जात नाहीत, ताप पाहतात, रक्ताचं कल्चर लावतात. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली गेली की वाद मिटतो.

पूर्वी अशी चिकटलेली वायर काढायला तिच्या बाहेरच्या टोकाला वजन बांधून दिवसचे दिवस ताणून ठेवत. 1990 च्या दशकात लेसरनं चिकटलेली ऊती सोडवणारी नळी आली. पण वायर निघाली तरी तिच्याभोवतीचं म्यान कधीकधी सापाच्या कातीसारखं पोकळ, आतच तरंगत राहतं. इको करणारे त्याला ‘घोस्ट’ म्हणतात.

डबीचं तसं नाही. मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये अमेरिकेतल्या मृतांच्या शरीरातून, घरच्यांच्या संमतीनं काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून 53 गरीब रुग्णांना बसवले गेले. हा अनुभव 2011 साली प्रसिद्ध झाला. पुन्हा कामाला लागल्या त्या डब्या. वायरीच्या नशिबी असा दुसरा संसार नाही.

2016 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका पेसमेकरला तर वायरच नाही: जेमतेम दोन ग्रॅमची कुपी, जी हृदयाच्या उजव्या कप्प्यातच अडकवतात. तिच्यावरही कोलॅजन चढतं आणि ती भिंतीत गडप होत जाते. तिची बॅटरी संपली की बहुधा जुनीला हात न लावता शेजारी दुसरी बसवावी, असाच विचार आहे.