पोलिसांच्या कामाचे चित्रीकरण : नागरिकांचा अधिकार (किहीम व रायगड किनारा)

सार्वजनिक ठिकाणी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांचे छायाचित्र घेणे, चलचित्रण किंवा ध्वनिमुद्रण करणे याची नागरिकाला असलेली मुभा. हा अधिकार नावानिशी देणारे कलम भारतातील कोणत्याही कायद्यात नाही, तसे त्याला सरसकट मनाई करणारेही नाही. संविधानातील अनुच्छेद १९(१)(क), जनतेच्या माहितीच्या हक्काबद्दलचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर व औरंगाबाद खंडपीठांचे अलीकडचे निर्णय हा त्याचा आधार. तरीही ‘रेकॉर्डिंग बंद कर’ हा हुकूम रस्त्यावर सर्रास ऐकू येतो. असा हुकूम कोणत्या कलमाखाली दिला जातो हे विचारण्यात बेअदबी काहीच नाही.

किहीम हे अलिबागच्या उत्तरेस सुमारे १२ किलोमीटरवरील किनाऱ्याचे गाव मांडवा सागरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. शनिवार-रविवारी मांडव्याच्या बोटींनी आणि वडखळमार्गे येणारी गर्दी, ३१ डिसेंबरची नाकाबंदी, पुळणीवर गाडी घालणाऱ्यांवरची कारवाई, मद्यपी चालकांची तपासणी : येथे पोलीस आणि नागरिक समोरासमोर येतात ते बहुधा अशा प्रसंगी. रस्ता आणि समुद्रकिनारा ही सार्वजनिक ठिकाणे आहेत. तेथे उघडपणे चाललेले पोलिसांचे काम टिपण्यासाठी परवानगी लागत नाही.

‘उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण’ (१९७५) या खटल्यात न्या. के. के. मॅथ्यू यांनी सार्वजनिक सेवकांनी सार्वजनिकरीत्या केलेली प्रत्येक कृती जाणून घेण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. डी. के. बसू खटल्यात (१९९६) अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने घातला. तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. नावाची पट्टी लोकांनी वाचावी म्हणूनच लावायची असते. ती वाचण्यास मोकळीक आणि टिपण्यास बंदी, हे तर्काला धरून होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी निकालात (२०१७) मान्य केलेला खासगीपणाचा मूलभूत हक्क पोलिसालाही आहे, पण तो त्याच्या घरादाराचा. भर रस्त्यात गणवेशात वापरलेल्या अधिकाराला ते कवच मिळू नये.

रायगड किनाऱ्याला या विषयाचे मोल इतरांपेक्षा जास्त कळावे, असा इतिहास आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिघी बंदरात चोरून उतरवलेला माल घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्या. लाचेचा सौदा ठरला, हमी म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या गेल्या आणि गाड्या सोडून दिल्या. दोन महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. त्या फाट्यावरच्या पोलिसांना पुढे विशेष टाडा न्यायालयाने दोषी ठरवले. तेव्हा खिशात कॅमेरा नव्हता, आणि रात्रीच्या आडवळणी रस्त्यावर कोणी तिऱ्हाईत उभा असता तरी धजावला असता की नाही, सांगता येत नाही. तरी नाक्यावरचा व्यवहार फक्त दोन पक्षांना ठाऊक राहिला की त्याची किंमत कोण मोजतो, ते या किनाऱ्याने पाहिले आहे.

महाराष्ट्रातील कायदेशीर वाद प्रामुख्याने पोलीस ठाण्याच्या आतल्या चित्रीकरणावर झाला. शेजाऱ्याशी झालेल्या भांडणावरून वर्धा येथील ठाण्यात गेलेल्या एका गृहस्थाने २०१८ मध्ये तेथील बोलणे मोबाइलवर टिपले. त्याच्यावर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा दाखल झाला. हा कायदा मुख्यतः हेरगिरी रोखण्यासाठीचा आहे. शेजाऱ्याच्या तंट्यात तो लावला जावा, यावरून कॅमेऱ्याची धास्ती किती आहे ते दिसते. जुलै २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने (न्या. मनीष पितळे व न्या. वाल्मिकी मेनेझिस) तो गुन्हा रद्द केला. अधिनियमाच्या कलम २(८) मधील ‘प्रतिबंधित स्थान’ या व्याख्येत संरक्षण आस्थापना, शस्त्रनिर्मितीची ठिकाणे वगैरे येतात. ही व्याख्या संपूर्ण आहे आणि पोलीस ठाणे तिच्यात नाही, असे न्यायालयाने म्हटले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी ठाण्यात झालेल्या संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाबाबत औरंगाबाद खंडपीठानेही (न्या. विभा कंकणवाडी व न्या. एस. जी. चपळगावकर) २०२४ मध्ये या अधिनियमाखालचा आरोप टिकू दिला नाही. दोन्ही निकाल शासकीय गुपितांपुरते आहेत, ठाण्यात वाटेल तसे चित्रीकरण करण्याचा तो परवाना नव्हे. पण ज्या ठाण्यात सीसीटीव्ही बसवून त्याचे चित्रण १८ महिने जपावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंग सैनी खटल्यात (२ डिसेंबर २०२०) दिला, ते ठाणे नागरिकाच्या कॅमेऱ्यापुरते गुपित कसे ठरेल?

मर्यादा खऱ्या आहेत आणि त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत. लोकसेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे (तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही). कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास कलम १३२ लागते. त्याचा पूर्वावतार म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ३५३. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली होती. नव्या संहितेत ती दोन वर्षांपर्यंत आहे. चार पावले दूर, शांतपणे उभे राहून फोन धरणे यांपैकी कशातच बसत नाही. पोलिसाच्या तोंडासमोर फोन नाचवणे, जमाव जमवणे, मागे हटण्याची वाजवी सूचना धुडकावणे ही मात्र वेगळी गोष्ट, आणि तेथे पोलिसाची बाजू खरी असू शकते. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख (कलम ७२) किंवा बालकाची ओळख (बाल न्याय अधिनियम, कलम ७४) प्रसिद्ध करता येत नाही. आरोपीचा चेहरा पसरवला तर ओळख परेड निरुपयोगी ठरते, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते.

फोन हिसकावून चित्रण पुसायला लावणे ही सर्वांत सामान्य तक्रार. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू पोलीस कलम १०६ (नागरिक सुरक्षा संहिता) खाली जप्त करू शकतात. पण मग त्याची नोंद व्हावी लागते, दंडाधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि १ जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण पोलिसांनीच करणे कलम १०५ ने बंधनकारक आहे. चित्रण पुसण्याचा अधिकार कोणत्याही कलमात नाही. न्यायालयात पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा उलट न्याय संहितेच्या कलम २४१ खालचा गुन्हा आहे, आणि गणवेशामुळे त्यातून सूट मिळत नाही.

परदेशात अमेरिकेतील बोस्टनचा ग्लिक खटला (२०११) पायाभूत मानला जातो. तेथील संघीय अपील न्यायालयाने सार्वजनिक जागी पोलिसांचे चित्रीकरण हा घटनादत्त हक्क ठरवला. मे २०२० मध्ये मिनीॲपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू १७ वर्षांच्या मुलीने फोनवर टिपला नसता, तर पोलिसांच्या पहिल्या निवेदनातील ‘वैद्यकीय घटना’ हीच नोंद उरली असती.

पुरावा म्हणून चित्रण टिकवण्याची रीतही महाराष्ट्रातील खटल्यांतून घडली. मुंबईच्या कॉरोनरवरील लाचेच्या आर. एम. मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये टेपवरचे संभाषण ग्राह्य धरले. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रणच कळीचे होते. त्या निकालानुसार (१४ जुलै २०२०) प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र हवे. मूळ उपकरणच हजर केले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. आज ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. त्यामुळे किहीमच्या रस्त्यावर काही टिपले असेल तर ते व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फाइल काढून टाकू नये. मूळ फोन जपावा, चित्रणात कापाकापी करू नये आणि तक्रार पोलीस अधीक्षक, रायगड-अलिबाग किंवा राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण यांच्याकडे लेखी द्यावी.