वायवालं मायसिन, आयवालं मायसिन

स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन ही नावं देवनागरीत लिहिली की दोन्हींचं शेपूट सारखंच दिसतं. रोमन लिपीत मात्र पहिल्यात ‘एम’नंतर वाय येतो, दुसऱ्यात आय. हा मुद्रणदोष नव्हे. अमिनोग्लायकोसाइड या प्रतिजैविकांच्या गटात वायवाली औषधं स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूंपासून मिळालेली, तर आयवाली मायक्रोमोनोस्पोरापासून. नावात जपलेलं हे कूळ आपल्या लिपीत पार पुसलं जातं.

तसं वायवालं शेपूटही फसवंच. ग्रीक ‘स्ट्रेप्टोस’ म्हणजे पिळलेलं आणि ‘मायकेस’ म्हणजे बुरशी. 1943 साली वॉक्समन आणि हेन्रिची यांनी स्ट्रेप्टोमायसीस हे नाव दिलं ते बुरशीसारखे धागे काढत वाढणाऱ्या जिवाणूंना. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं हमायसिनही याच कुळातलं, जरी ते अमिनोग्लायकोसाइड नसून बुरशीवरचं औषध आहे. त्यातली एच आणि ए ही कारखान्याची आद्याक्षरं, आणि जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना! गावाचं नाव असं लॅटिनमध्ये गेलेलं पाहून मला उगाचच बरं वाटतं.

पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत नावांचा घोळ आणखी वाढतो. पेशीत हवं ते जनुक घालताना सोबत ‘निओ’ जनुक धाडतात. त्याचं विकर अमिनोग्लायकोसाइड औषधाला फॉस्फेट चिकटवून ते निकामी करतं. निओ हे निओमायसिनवरून, म्हणजे ‘नवं मायसिन’. 1949 साली ते नवं होतं खरं. पण सस्तन प्राण्यांच्या पेशी निओमायसिनला फारसं जुमानत नाहीत, म्हणून प्लेटमध्ये पडतं ते जी-418. बाटलीवर ‘जेनेटिसिन’. हे मायक्रोमोनोस्पोराचं अपत्य, पण नावात मायसिन नाही, ना वायचं ना आयचं.

निओ घेतलेल्या पेशी अशा वेगळ्या काढण्याला म्हणतात सिलेक्शन. ‘निवड’ म्हटलं की चांगलं ते उचलणं डोळ्यांपुढे येतं, पण तांदूळ निवडताना आपण उचलतो ते खडे. जी-418 चं निवडणं या दुसऱ्या जातीचं. निओ नसलेल्या पेशी मरतात, उरलेल्या जागच्या जागी वाढत राहतात. मात्रा आधी साध्या पेशींवर ठरवावी लागते, कारण प्रत्येक पेशीवाणाची सोसण्याची ताकद वेगळी. आणि घाई करून चालत नाही: औषध प्रथिनं बनणं बिघडवतं, पेशी जुन्या शिदोरीवर काही दिवस तग धरते, त्यामुळे प्लेट साफ व्हायला आठवडा-दोन आठवडे सहज जातात. दाट पेरणी झाली असेल तर त्याहूनही जास्त.