चपट्या जगातील खरी माणसे

अवकाशातून संथपणे पोहत चाललेले एक महाकाय कासव, त्याच्या पाठीवर उभे असलेले चार हत्ती आणि त्या हत्तींनी तोलून धरलेले थाळीसारखे चपटे जग. कूर्म आणि दिग्गजांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. ब्रिटिश लेखक टेरी प्रॅचेट (१९४८-२०१५) यांनी याच चित्रावर 'डिस्कवर्ल्ड' ही इंग्रजी कादंबरीमाला उभारली. १९८३ मध्ये 'द कलर ऑफ मॅजिक'ने सुरू झालेली ही माला २०१५ मध्ये ४१व्या कादंबरीने संपली. जादूगार, चेटकिणी आणि ड्रॅगन यांची येथे रेलचेल आहे. तरीही तीन दशके वाचकांना बांधून ठेवले ते जादूने नव्हे, तर ओळखीच्या वाटणाऱ्या माणसांनी.

विडंबनाकडून व्यक्तिचित्रणाकडे

प्रॅचेट यांनी वयाच्या सतराव्या वर्षी एका स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी सुरू केली. पुढे ते वीजनिर्मिती मंडळात प्रसिद्धी अधिकारी झाले आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून पूर्ण वेळ लेखनाकडे वळले. मालेतील पहिल्या दोन कादंबऱ्या म्हणजे प्रामुख्याने अद्भुतरम्य साहित्याचे विडंबन होते. त्यांचा नायक रिन्सविंड हा संकट दिसताच पळ काढणारा जादूगार. तो हसवतो, पण पुस्तकागणिक तो फारसा बदलत नाही. मालेला खरा कस लाभला तो पात्रांना भूतकाळ, पगार आणि सदसद्विवेक मिळाल्यानंतर.

भिजलेल्या बुटांचा हिशेब

याचे उत्तम उदाहरण म्हणजे सॅम व्हाइम्स. 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) या कादंबरीत तो प्रथम भेटतो, तेव्हा अंख-मॉरपॉर्क या बकाल महानगराच्या रात्रपहाऱ्याचा हा कप्तान दारूच्या नशेत गटारात पडलेला असतो. कायद्याला कोणी विचारत नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण त्याची चीड मेलेली नाही. शहरावर ड्रॅगन येतो तेव्हा वाचकाला काळजी वाटते ती या थकलेल्या पोलिसाची.

'मेन ॲट आर्म्स' (१९९३) मध्ये व्हाइम्स आपल्या बुटांचा हिशेब मांडतो. त्याचा मासिक पगार ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरचे. ते वर्षानुवर्षे टिकतात. त्याला परवडणारे बूट १० डॉलरचे. ते एक-दोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर १०० डॉलर खर्च करतो आणि तरीही त्याचे पाय ओलेच राहतात. गरिबी महाग पडते, हे सत्य विनोदी कादंबरीतील एका पोलिसाने सांगितले. २०२२ मध्ये ब्रिटनमधील लेखक व कार्यकर्त्या जॅक मन्रो यांनी स्वस्त खाद्यपदार्थांच्या भाववाढीची नोंद ठेवण्यासाठी निर्देशांक जाहीर केला, तेव्हा त्याला नाव दिले ते व्हाइम्सच्या बुटांचेच.

काळ थांबत नाही

अनेक दीर्घ मालांमध्ये नायकाचे वय गोठलेले असते. व्हाइम्स मात्र दारू सोडतो, श्रीमंत घराण्यातील सिबिलशी विवाह करतो आणि पुढे सरदारही होतो. पण श्रीमंती त्याच्या अंगाला कधीच नीट बसत नाही. 'नाइट वॉच' (२००२) मध्ये पत्नी प्रसूतिवेदनांत असताना तो तीस वर्षे मागे फेकला जातो. समोरच्या उठावात कोण मरणार, हे त्याला ठाऊक आहे. त्यांना वाचवावे, तर ज्या भविष्यात त्याची पत्नी आणि बाळ आहे, ते भविष्यच पुसले जाण्याची भीती. हा पेच जादूने निर्माण केला खरा, पण त्यातून सुटण्याचा मार्ग जादू देत नाही. 'थड!' (२००५) मध्ये शहर दंगलीच्या उंबरठ्यावर असतानाही तो रोज सहा वाजता लहानग्या मुलाला गोष्ट वाचून दाखवायला घरी पोहोचतो. चांगल्या कारणासाठी एकदा नियम मोडला, की वाईट कारणासाठीही तो मोडला जाईल, ही त्याची स्वतःबद्दलची धास्ती आहे.

चेटकिणीचा निरोप

'इक्वल राइट्स' (१९८७) पासून भेटणारी ग्रॅनी वेदरवॅक्स ही दुसरी अविस्मरणीय व्यक्तिरेखा. जादूपेक्षा माणसांच्या मनाची जाण हेच तिचे मुख्य बळ. ती प्रेमळ नाही, गर्विष्ठ आहे, आणि आपण सहज दुष्ट होऊ शकतो हे ओळखून आहे. म्हणूनच तिचा चांगुलपणा स्वभाव न राहता रोजचा निर्धार ठरतो.

आपल्याला स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार जडल्याचे प्रॅचेट यांनी डिसेंबर २००७ मध्ये जाहीर केले. त्यानंतरही त्यांनी लेखन सुरू ठेवले. मृत्यूनंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झालेल्या 'द शेफर्ड्स क्राउन' या अखेरच्या कादंबरीत ग्रॅनीचा मृत्यू आहे. आपली वेळ आली हे कळताच ती घर स्वच्छ करते, स्वतःच्या देहासाठी वेताची पेटी विणते आणि शांतपणे पलंगावर आडवी होते. आयुष्यभर कामसू राहिलेल्या बाईने मरणही कामासारखेच नीट उरकावे, यात नवल ते काय?

जग कितीही अद्भुत असो, त्यातील माणसाचे पाय पावसात भिजले पाहिजेत, त्याचे वय वाढले पाहिजे आणि निर्णयाची किंमत त्यानेच मोजली पाहिजे. प्रॅचेट यांनी हे पथ्य पाळले, म्हणून कासवाच्या पाठीवरचे जगही खरे वाटते. नव्या वाचकाने पहिल्या पुस्तकाऐवजी 'गार्ड्स! गार्ड्स!'पासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. व्हाइम्सची ओळख तेथूनच होते.