डिस्चार्जनंतरची जबाबदारी

रुग्ण घरी गेला की सामान्य रुग्णालयाच्या लेखी प्रकरण संपते. परंतु आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णाच्या बाबतीत घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडे व महिने सर्वाधिक जोखमीचे असतात, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. या काळात त्याची विचारपूस कोणी करायची? आपल्या प्रशासनाने या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास उद्बोधक आहे.

१८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ३०९ नुसार असा प्रयत्न हा गुन्हा होता व त्यासाठी एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणारे सरकारी खाते एकच, ते म्हणजे पोलीस. साहजिकच खरे कारण लपविण्याकडे कुटुंबांचा कल राही.

या कलमाला मोठा धक्का महाराष्ट्रातूनच बसला. अपघातात डोक्याला इजा होऊन मानसिक आजार जडलेल्या मुंबईच्या एका पोलीस शिपायावर हा गुन्हा दाखल झाला होता. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचारांची गरज असते, हा त्यामागील विचार होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच ठरविले. पण १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात घटनापीठाने कलम पुन्हा वैध ठरविले.

पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील कलम ११५ ने दृष्टी बदलली. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि पुन्हा तसे घडू नये म्हणून तिला उपचार व पुनर्वसन पुरविणे हे सरकारचे कर्तव्य मानावे, असे ते सांगते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलम ३०९ नाही.

कर्तव्य ठरले, पण ते पार पाडायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी १,८६७ रुग्णांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालय सोडताना सुमारे तासभर माहिती व त्यानंतर १८ महिन्यांत नऊ वेळा फोन अथवा भेट, एवढाच उपाय. आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के, तर या गटात ०.२ टक्के आढळले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, इतक्या अल्प खर्चात इतके जीव वाचविणाऱ्या योजना विरळाच.

मी मारतहळ्ळीत राहतो. नोकरीसाठी दूरदूरहून आलेली कितीतरी तरुण मुले येथे भाड्याच्या खोल्यांत व पीजींत राहतात. 'घरी सोडले' या शेऱ्यातले घर म्हणजे त्यांच्यासाठी बंद खोलीच. याच शहरात निम्हान्स आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचे शिखर केंद्रही तेथेच आहे. तिच्या १४४१६ या क्रमांकावर कोणीही, केव्हाही बोलू शकते. मात्र तेथे फोन रुग्णाने करायचा असतो. नऊ वेळा फोन करण्याचे काम व्यवस्थेचे आहे.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली आणखी दोन रकाने हवेत: पुढील विचारपुशीची तारीख आणि ती करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव. ज्या कामापुढे कोणाचे नाव नसते ते काम होत नाही, हा प्रशासनातला जुना अनुभव आहे.