राजेवाडीचे धरण आणि त्याचा धनी

माणगंगा सीताबाईच्या डोंगरात कुळकजाईच्या बाजूस उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड या गावांवरून आटपाडी व सांगोले या तालुक्यांतून वाहत जाऊन सरकोलीपाशी भीमेस मिळते. 'वाहत जाऊन' हे शब्द येथे केवळ भाषेची सोय म्हणून योजले आहेत. वर्षातील पुष्कळ महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. तिने ज्या मुलखास आपले नाव दिले तो माणदेश १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'माणदेशी माणसं' या श्री. व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला. परंतु याच मुलखात, सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, सव्वाशेहून अधिक वर्षे एक मातीचे धरण उभे आहे, त्याची ओळख मुंबई-पुण्याच्या फार थोड्या वाचकांस असेल. सरकारी दप्तरात त्याचे नाव म्हसवड तलाव. लोकांच्या तोंडी राजेवाडीचा तलाव. एकाच भिंतीस दोन नावे असावीत यात नवल नाही; पण भिंत कोणाची, या प्रश्नाचा गोंधळ या दोन नावांतच थोडाफार दिसून येतो.

हे धरण कोणा गावाने मागितले म्हणून झाले नाही. १८७६ साली पावसाने दगा दिला आणि दख्खनच्या पठारावर जो दुष्काळ पडला तो १८७८ पर्यंत हटला नाही. लोकांस मजुरी द्यावयाची तर काम हवे. सबब सरकारने मोठमोठी कामे काढली. लहान कामे गावाशेजारी काढण्यापेक्षा इंजिनियरांच्या देखरेखीखालील मोठी कामे बरी, असे त्या वेळच्या अधिकाऱ्यांचे मत होते, आणि त्यामुळे पोटासाठी माणसांस घरदार सोडून कोसच्या कोस चालत जावे लागे. म्हसवडच्या तलावाचे काम १८७६-७७ मध्ये सुरू झाले ते या रीतीने. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळी प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसास एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे अर्धा शेर, व वर किरकोळ पैसे एवढ्यावर मजुराचे भागते असा हिशेब मांडला होता. मुंबई इलाख्यातही १८७७ च्या आरंभी मजुरीचे दर खाली आणले गेले. त्या दरावर काम करण्यापेक्षा हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडून दिली. उपाशी माणसाने मिळत असलेली मजुरी नाकारावी, ही गोष्ट त्या काळच्या साहेबांस अखेरपर्यंत उमगली नाही.

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे त्या वेळचे काम येथे आठवल्यावाचून राहवत नाही. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच आपले 'सार्वजनिक काका', यांच्या धडपडीने जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती गोळा केली, सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले आणि मजुरीचा दर माणसास जगवणारा नाही हे आकड्यांनिशी दाखवून दिले. एखाद्या सार्वजनिक कामाविषयी माहिती मिळवून, ती कागदावर मांडून, सरकारास उत्तर देणे भाग पाडावे, ही रीत महाराष्ट्रात रुजली ती बऱ्याच अंशी या दुष्काळात. मात्र सभेचे अर्ज मजुरीपुरते व साऱ्याच्या सुटीपुरते होते. मजूर जी धरणे उभी करीत होते ती पुढे कोणी राखावी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आणि त्या दिवसांत तो सुचावा अशी अपेक्षाही करणे योग्य नव्हे.

धरण पुरे झाले १८८७ साली. उंची सुमारे २४ मीटर, लांबी जवळजवळ अडीच किलोमीटर, आणि पोटात पाणी मावते सुमारे १.६९ अब्ज घनफूट. माणसारख्या कोरड्या मुलखात हे आकडे आजही डोळ्यांत भरतात. परंतु दुष्काळातून जन्मलेल्या या तलावाची खरी अडचण दुष्काळच होता. एका वर्षी भरून सांडव्यावरून पाणी जावे आणि पुढची दोन-तीन वर्षे तळ उघडा पडावा, असा त्याचा स्वभाव. ज्या सालांत पाणी हवे त्याच सालांत ते नसे.

मातीचे धरण म्हणजे काय हे ज्याने नुसते दुरून पाहिले आहे त्यास ते डोंगरासारखे अचल वाटते. वस्तुतः ते फार नाजूक प्रकृतीचे असते. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. पाझर हा रोग नव्हे. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ आहे तोवर काळजी नाही. ते गढूळ येऊ लागले की समजावे, पाणी आता एकटे येत नाही, आतली मातीही बरोबर घेऊन येत आहे. आतल्या अंगाचे दगडी अस्तर ढासळले तर लाटा माती खातात. भिंतीवर बाभळी वाढल्या तर त्यांची मुळे, आणि झाड मेल्यावर त्या मुळांच्या पोकळ्या, पाण्यास वाट करून देतात. उंदीर-घुशींची बिळे निराळीच. सांडवा गाळाने किंवा झुडपांनी तुंबला आणि पाणी भिंतीच्या माथ्यावरून गेले, तर काही तासांतच सारे आटोपते. यांपैकी एकही गोष्ट एका रात्रीत घडत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती दप्तरात बसलेल्या माणसाच्या नजरेस येत नाही. ती दिसते भिंतीखाली गुरे चारणाऱ्यास.

राजेवाडीचे काम पुरे होऊन दोनच वर्षे झाली होती, तोच सातासमुद्रापलीकडे या गोष्टीचा भयंकर प्रत्यय आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया संस्थानात साउथ फोर्क येथे असेच एक जुने मातीचे धरण होते. कालव्यासाठी बांधलेले, कालवे मागे पडल्यावर टाकून दिलेले. पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबाने ते विकत घेतले व तलावाच्या काठी आपली उन्हाळ्याची घरे बांधली; अँड्र्यू कार्नेगी व हेन्री फ्रिक हे त्या क्लबाचे सभासद होते. पाणी खाली सोडण्याचे लोखंडी नळ पूर्वीच्या मालकाने काढून मोडीत विकले होते, ते परत बसवले गेले नाहीत. गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लावल्या. खाली जॉन्सटाउन येथे पोलादाचा मोठा कारखाना होता. त्याच्या चालकांनी १८८० मध्येच आपला इंजिनियर पाठवून तपासणी करविली, दोष कळवले, दुरुस्तीच्या खर्चास हातभार लावण्याचीही तयारी दाखवली. तुम्हांस काही भीती नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांस मिळाले. ३१ मे १८८९ रोजी धरण फुटले आणि २,२०९ माणसे गेली. तलाव ज्यांचा होता त्यांच्यावर न्यायालयात काहीही शाबीत झाले नाही.

आमच्याकडे काठावर बंगले नाहीत. परंतु काठावरचा माणूस व भिंतीखालचा माणूस यांचे हित एक नसते, हे सत्य माणदेशातही तितकेच लागू आहे. पाणी ओसरले की तलावाच्या उघड्या पडलेल्या गाळात पेरतात. तिला गाळपेर म्हणतात. तळाचा ओलावा व सुपीक गाळ यांमुळे बाहेर काही न पिकणाऱ्या सालातही तेथे चार दाणे हाती लागतात. गाळपेर करणाऱ्यास तलाव लवकर ओसरलेला हवा. कालव्यावरच्या आटपाडी-सांगोल्याच्या शेतकऱ्यास तो शिगोशीग भरलेला हवा. भिंतीच्या ऐन खाली राहणाऱ्यास तो भरला काय, रिता राहिला काय, भिंत शाबूत हवी. त्यात भर अशी की पाणी साठते मुख्यतः साताऱ्याच्या माणमध्ये, राजेवाडी गाव सांगलीच्या आटपाडीत, आणि कालवा जातो सोलापूरच्या सांगोल्यात. तीन जिल्हे, तीन कचेऱ्या, तीन प्रकारची माणसे. ज्यास सर्वांहून अधिक धोका त्याचा पाण्यावर हक्क सर्वांहून कमी, हा या व्यवस्थेतला खरा पेच आहे.

जुन्या काळी असा पेच नव्हता असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. शिखर शिंगणापूरचा पुष्कर तलाव मालोजीराजे भोसल्यांनी यात्रेकरूंसाठी बांधविला अशी परंपरा आहे. तो देवस्थानचा, म्हणून त्याची काळजी वाहणारे कोणी तरी होते. खानदेशात पांझरेवरच्या फडांत बंधाऱ्याची डागडुजी बागाईतदारांनी स्वतः करावयाची, आणि पाटकरी व जागले त्यांनीच नेमावयाचे, असा रिवाज होता. या पद्धतींचेही दोष होते. ज्यांस जमीन नाही त्यांस तेथे बोलण्यास जागा नव्हती. तरी एवढे खरे की बंधारा फुटला तर कोणाच्या दारी जावे हे गावास ठाऊक असे.

सरकारी धरण आले आणि ते ठाऊकपण गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा धरण पुरे होण्यापूर्वीच त्यात पाणी साठवलेले होते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते रोखण्याची शर्थ केली. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे १८७९ मध्ये पुरे झालेले दगडी धरणही टिकले नाही, ते बिचारे आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या दोषाने गेले. पुण्यात त्या दिवसाची आठवण अजून ताजी आहे. परंतु माणच्या प्रश्नाशी अधिक जवळचे उदाहरण चिपळूण तालुक्यातील तिवरे गावाचे. तेथील धरण म्हातारे नव्हते. या शतकाच्या आरंभीचे. गळती होत असल्याची तक्रार ग्रामस्थांनी केली होती, डागडुजी म्हणून मातीही टाकली गेली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि भिंतीखालची वाडी वाहून गेली. मृतांची संख्या १९ च्या खाली नाही. त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचे सांगितले. खेकड्यांविषयी आमचा काही आग्रह नाही. धरणात खेकडे असतात. पण अर्ज कोणत्या टेबलावर पडून राहिला हे खेकड्यांस विचारून कळणार नाही.

आज हा विषय काढण्यास आणखी एक कारण आहे. माणच्या व खटावच्या जुन्या तलावांचे आयुष्य पालटू लागले आहे. १९९३ मध्ये आटपाडीत पाणी संघर्ष परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी व डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढारीपणाखाली दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्यात आपला वाटा मागितला, आणि वर्षानुवर्षे चिकाटीने मागत राहिले. टेंभूचे पाणी आटपाडीकडे आले. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी खटावच्या ब्रिटिशकालीन नेर तलावात व तेथून माणच्या आंधळी धरणात पडू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती लोकांनी मिळवलेली आहे. पण जी जुनी मातीची भिंत पुष्कळ वर्षे रिकाम्या तलावाकडे पाहत उन्हात तडकत राहिली, तिच्या पोटाशी एकदम पाणी आणून लावणे हीच तिच्या परीक्षेची वेळ. कोरडेपणात पडलेल्या भेगा बुजण्यापूर्वीच पाणी त्यांत शिरते. कालव्यांवर व उपशाच्या पंपांवर खर्च करणाऱ्याने या म्हाताऱ्या भिंतींकडेही एकदा वळून पाहिले पाहिजे.

कायद्याची उणीव आहे असे नाही. धरण सुरक्षा कायदा २०२१ च्या अखेरीस अमलात आला; पंधरा मीटरहून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात, आणि राजेवाडी त्यांत सहज बसते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे धरणाच्या मालकावर बंधनकारक आहे, संकटकाळची योजनाही तयार हवी. २००५ च्या राज्य कायद्याने पाणीवापर संस्थांस पाण्याच्या वाटपात अधिकार दिला. नाशिककडे ओझर येथे वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी १९९१ पासूनच अशा संस्था चालवून दाखविल्या आहेत. मात्र या संस्था कालव्याच्या. भिंतीखालच्या वाडीस, जिला कालव्याचे थेंबभरही पाणी मिळत नाही, तिला या संस्थेत आसन नाही. याउलट खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० नंतरच्या दशकात नदीतील वाळू विकून बळीराजा धरण स्वतः उभारले, आणि पाणी भूमिहीनांसह सर्वांस वाटून द्यावयाचे ठरवले. राजेवाडीस मात्र भिंत दीड शतकापूर्वीच्या उपाशी मजुरांनी बांधून ठेवलेली. तिच्याभोवती माणसे जमवण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.

ते काम फार मोठे नाही. माण, आटपाडी व सांगोले या तिन्ही तालुक्यांतील गाळपेरवाले, कालवेवाले आणि भिंतीखालचे रहिवासी यांचा एक संघ असावा. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल मराठीत लिहून तलावाभोवतीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावला जावा. तपासणीच्या दिवशी भिंतीखालची चार माणसे इंजिनियरांबरोबर पायथ्याने चालावीत, आणि पाझराचे पाणी कोणत्या दिवशी कसे होते याची एक साधी वही संघाने ठेवावी. पाणी स्वच्छ होते की गढूळ, एवढेच तिच्यात लिहावयाचे. त्या वहीचे पहिले पान पुढच्या मृगाच्या आधी लिहिले गेले, तर बरे.