सांडव्यावरची चक्की: जुनं इंजिन, टर्बो आणि आपला हमरस्ता

आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेज कुठून आलं? जुन्या गाडीचं इंजिन खोलायचं, त्याला टर्बो बसवायचा आणि ताकद वाढवायची, हे काम मेकॅनिकचं. त्यात इतिहास तो काय? माझं म्हणणं असं, की या कामाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत नसला की माणूस पैसे घालवतो, इंजिन घालवतो आणि कधीकधी गाडीचे कागदही घालवून बसतो.

सुरुवात नळदुर्गापासूनच करू. इथल्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा आहे, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधला गेला. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळतं आणि आतला माणूस कोरडा राहतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पण मला सांगायचंय ते नर-मादीबद्दल. आपण त्यांना धबधबे म्हणतो. बांधणाऱ्याच्या हिशेबाने ते सांडवे आहेत. पाणी अडवायचं तर जादा पाण्याला वाट ठेवावीच लागते. ती ठेवली नाही तर पाणी आपली वाट स्वतः काढतं, आणि ती भिंत फोडूनच काढतं. हा सांडवा ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट संभाजीनगरची, म्हणजे औरंगाबादची पाणचक्की. तिथे पाण्याचा झोत पात्यांवर पडतो, पाती फिरतात आणि त्याच आसावर बसवलेलं जातं धान्य दळतं. खाली पाणी, वर पीठ, मध्ये एक आस.

टर्बो म्हणजे नेमकं हेच. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका चक्रावर सोडायचा. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र. ते बाहेरची हवा ओढतं, दाबतं आणि सिलिंडरमध्ये कोंबतं. जास्त हवा आत गेली की जास्त इंधन जाळता येतं, आणि जास्त इंधन जळलं की जास्त ताकद मिळते. फरक वेगाचा. मोटारीच्या टर्बोचा आस मिनिटाला लाखभर, कधी दोन लाखांपर्यंत फेरे घेतो. आणि दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून धुराला बगल देणारी एक झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. आपल्या भाषेत सांडवा.

आता ही कल्पना आली कुठून? आल्फ्रेड ब्यूखी नावाचा स्विस अभियंता होता. त्याने १९०५ साली यावर पेटंट मागितलं. त्याचं निरीक्षण साधं होतं: इंधनातली बरीचशी उष्णता धुराड्यातून वाया जाते. पण कागदावरची कल्पना लोखंडात उतरायला वीस वर्षं गेली. १९२५ च्या सुमारास दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याची रचना बसवली गेली, आणि १,७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २,५०० पर्यंत गेलं. वीस वर्षं का लागली? कल्पना चुकीची नव्हती. तेवढी उष्णता आणि तेवढा वेग सोसणारे धातू आणि बेअरिंगच हाताशी नव्हते.

मधल्या काळात विमानं आली. विमान जितकं वर जाईल तितकी हवा विरळ, आणि विरळ हवेत इंजिन धापा टाकतं. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने १९१८ साली एक लिबर्टी विमान इंजिन चौदा हजार फुटांवरच्या पाइक्स पीक डोंगरावर नेलं. खाली सपाटीला ते ३५० हॉर्सपॉवर देत होतं. डोंगरावर टर्बोशिवाय २३० वर आलं. टर्बो लावला आणि ३५६ झालं. म्हणजे मॉसने इंजिनाला नवी ताकद दिली नाही, डोंगराने हिरावलेली ताकद परत मिळवून दिली. इंजिनावर त्याच्या मूळ हिशेबापेक्षा जास्त भार पडलाच नाही. आपण जेव्हा सपाटीवरच्या गाडीला टर्बो लावतो, तेव्हा गोष्ट वेगळी होते.

ती किती वेगळी होते, हे १९६२ साली दिसलं. अमेरिकेत ओल्ड्समोबाइल कंपनीने जेटफायर नावाची मोटार काढली. साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-आठ इंजिन, त्यावर टर्बो. पण मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन त्यांनी सव्वादहाच ठेवलं. आता बघा, सिलिंडर आधीच हवा दहापट दाबतोय, आणि आपण त्याला आधीच दाबलेली हवा देतोय. मिश्रण वेळेआधी पेटतं, इंजिन ठोकायला लागतं, पिस्टनला भोकं पडतात. यावर त्यांनी तोडगा काढला पाणी आणि मेथेनॉलच्या मिश्रणाचा. ते फवारून आतली आग थंड ठेवायची. पण ती बाटली भरायची कोणी? मालक विसरायचे. शेवटी कंपनीनेच पुढे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली.

आता याच्या उलट उदाहरण. त्याच १९६२ साली बीएमडब्ल्यूने १५०० नावाची साधी मोटार आणली. ऐंशी हॉर्सपॉवर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, क्रँकला पाच मुख्य बेअरिंग. पुढे १९७३ साली त्याच घराण्यातल्या दोन लिटरच्या इंजिनावर टर्बो बसवून २००२ टर्बो ही गाडी आली. कॉम्प्रेशन किती ठेवलं? ६.९. जेटफायरचा धडा गिरवला होता. आणि १९८३ साली नेल्सन पिकेने फॉर्म्युला वनचं विश्वविजेतेपद मिळवलं, ते याच ब्लॉकवर बांधलेल्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाने. ऐंशीच्या जागी सहाशेहून जास्त हॉर्सपॉवर! ब्लॉक घरगुती मोटारीचा. पण त्याच्या आत आणि वर जे होतं ते जवळजवळ सगळं नव्याने घडवलेलं. म्हणून मी म्हणतो, टर्बो बोल्ट कसून मोकळं होण्याची वस्तू नाही. टर्बो लावणं म्हणजे इंजिन नव्याने बांधणं.

आता आपल्याकडे येऊ. नळदुर्गावरून जाणारा सोलापूर–हैदराबाद रस्ता, आधीचा राष्ट्रीय महामार्ग नऊ, आताचा पासष्ट. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य याच रस्त्याने निजामाच्या राज्यात शिरलं, आणि पहिल्याच दिवशी बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला. पूल उडवला गेला असता तर गाड्या अडल्या असत्या. इतिहासात इंजिनाचं वजन किती असतं, ते इथे कळतं.

या रस्त्याच्या एका टोकाला सोलापूर, वालचंद हिराचंद यांचं जन्मगाव. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचीच प्रीमियर पद्मिनी आली. १,०८९ सीसी, ताकद जेमतेम चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवर, क्रँकला मुख्य बेअरिंग तीनच. दुसरीकडे महिंद्राची जीप. आधी तिच्यात पेट्रोल इंजिन होतं. पेट्रोल महागलं तसं लोकांनी डिझेलकडे मोर्चा वळवला. पुढे पेजो कंपनीच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन आलं, आणि मराठवाड्यात काळी-पिवळी जीप गावोगाव धावू लागली. इंजिन बदलणं, हाफ इंजिन काढणं, बोअर करणं, क्रँक घासणं, ही विद्या आपल्या हमरस्त्यावरच्या गॅरेजांनी याच काळात कमावली. वर्कशॉप मॅन्युअल हाती नसताना कमावली, याचा मान ठेवला पाहिजे.

टर्बो मात्र आपल्याकडे आधी रुळांवर आला. १९६२ पासून अमेरिकेहून आलेली आणि नंतर वाराणसीत बनू लागलेली डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिनं टर्बोवरच २,६०० हॉर्सपॉवर देत. स्टेशन सोडताना काळ्या धुराचा लोट उठायचा, तो आठवा. डिझेल आधी पडलं आणि टर्बोची हवा मागून आली, असा त्याचा अर्थ. टर्बोला वेग घ्यायला जो वेळ लागतो, तो तिथे डोळ्यांना दिसायचा.

मोटारीत हा प्रयोग पुण्यात झाला. टाटांच्या सिएरात १,९४८ सीसीचं साधं डिझेल इंजिन होतं, पासष्टेक हॉर्सपॉवरचं. त्याच मापाच्या इंजिनावर टर्बो आणि इंटरकूलर बसवले आणि ताकद नव्वदच्या घरात गेली. हेच टर्बो इंजिन १९९८ च्या सफारीत आलं. योगायोग बघा, आकडा पुन्हा १९४८!

डिझेलला टर्बो का मानवतो? डिझेल इंजिनात आत फक्त हवा दाबली जाते, इंधन शेवटी फवारलं जातं. त्यामुळे वेळेआधी पेटण्याची भीती पेट्रोलसारखी नाही. आणि मुळातच जास्त दाब सोसायला ते जाड बांधलेलं असतं.

आता समजा कोणी ठरवलं की पद्मिनीला टर्बो लावायचा. हिशेब मांडू. बाहेरच्या हवेच्या दाबावर निम्मा दाब वाढवला तर हवा दीडपट, असं कागद म्हणतो. पण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा फुगते. आपल्या मे महिन्यात आत जाणारी हवाच बेचाळीस अंशांची. म्हणून इंटरकूलर हवा. कॉम्प्रेशन उतरवायचं तर पिस्टन बदला. पिस्टनवर जोर वाढला की हेड गॅस्केट आणि कनेक्टिंग रॉड तपासा. धूर आठशे-नऊशे अंशांचा, म्हणून मॅनिफोल्ड तसा हवा. टर्बोच्या आसाला तेलाची जाणारी आणि परतणारी अशी वेगळी वाट हवी. इंधनाचं माप चुकलं की सगळं गेलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. आणि तीन बेअरिंगचा क्रँक? तो बदलता येत नाही. शेवटी क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. चाळीस हॉर्सपॉवरसाठी केलेले ब्रेक सत्तरला पुरतील, या भरवशावर कोणी घाटात उतरू नये.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो, कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. सीएनजीसारख्या इंधनबदलाला ठरलेल्या नियमांनी वाट आहे. मनाजोगं इंजिन रस्त्यावर फिरवायला नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून मान मिळतो, पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, इंजिनात मोठा फेरफार नसावा. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या पद्मिनीला टर्बो लावला, की ती वेगवान होईल, पण व्हिंटेज राहणार नाही. मग अशी गाडी बंद ट्रॅकवर चालवावी, किंवा इंजिन स्टँडवर बांधून शिकावं. शिकण्यासाठी त्याहून चांगली शाळा नाही.

काही जण म्हणतील, तुम्ही हौसेवर पाणी ओतता. तसं नाही. हौस नसती तर ब्यूखी वीस वर्षं टिकला नसता. माझं म्हणणं इतकंच, की जुन्या वस्तूला नवा जोर देताना दोन गोष्टी आधी विचारा: हिच्यात जोर सोसायची जागा किती ठेवलेली आहे, आणि जादा जोराला वाट कुठे आहे? बीएमडब्ल्यूच्या ब्लॉकमध्ये जागा होती. जेटफायरमध्ये ती नव्हती. आणि चारशे वर्षांपूर्वी बोरीवर बंधारा घालणाऱ्याने हे दोन्ही प्रश्न आधी विचारले होते, म्हणून तो बंधारा आजही उभा आहे.

आता प्रश्न घेऊ या.