बॅक्टेरियोफेजयुक्त ड्रेसिंग

बॅक्टेरियोफेजयुक्त ड्रेसिंग : जीवाणूंना मारणारे विषाणू ज्यात मुरवले आहेत अशी, संसर्ग झालेल्या जखमेवर लावायची पट्टी, जेल किंवा पातळ पापुद्रा. बॅक्टेरियोफेज (थोडक्यात फेज) फक्त जीवाणूंच्या पेशीत वाढतात, माणसाच्या पेशीत वाढत नाहीत. भाजल्याच्या जखमा, पायावरचे जुनाट व्रण आणि मधुमेही रुग्णांच्या चिघळलेल्या जखमा यांसाठी अशा ड्रेसिंगचा विचार होतो. या जखमांच्या जागी रक्तपुरवठा बहुधा कमी झालेला असतो. त्यामुळे तोंडाने किंवा शिरेतून दिलेले प्रतिजैविक तिथवर पुरेसे पोहोचत नाही आणि औषध थेट जखमेवर ठेवणे श्रेयस्कर ठरते.

फेज जीवाणूच्या पृष्ठभागावरील ठरावीक रेणूला चिकटतो आणि आपले डीएनए आत सोडतो. पेशीत नवे फेज तयार झाले की एंडोलायसिन हे विकर जीवाणूची भित्तिका आतून फोडते आणि नवे फेज शेजारच्या जीवाणूंकडे वळतात. जुन्या जखमेत जीवाणू स्वतःभोवती चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, तयार करतात. काही फेजांकडे हा थर विरघळवणारी विकरेही असतात. मात्र एक फेज सहसा एकाच जातीच्या, तिच्यातल्याही काही वाणांच्याच जीवाणूंना मारतो. म्हणून ड्रेसिंगमध्ये अनेक फेजांचे मिश्रण घालतात, किंवा आधी जखमेतला जीवाणू तपासून त्याला लागू पडणारा फेज निवडतात.

फेजांचा शोध फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) आणि फेलिक्स द'हेरेल (१९१७) यांनी स्वतंत्रपणे लावला. १९२१ मध्येच बेल्जियममध्ये ब्रुइनोग आणि मेझँ यांनी स्टॅफिलोकॉकसमुळे त्वचेवर आलेल्या गळवांवर फेज वापरले होते. प्रतिजैविके आल्यावर पश्चिम युरोप-अमेरिकेत हा उपचार मागे पडला, पण जॉर्जियात तो टिकला. तिथे तिबिलिसीमध्ये १९२३ साली स्थापन झालेल्या, आज संस्थापक गिओर्गी एलियावा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत हे काम सुरूच राहिले. एलियावांना स्वतःला १९३७ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात मृत्युदंड झाला, तरी संस्था टिकून राहिली.

‘फागोबायोडर्म’ हे या प्रकारातले सर्वांत परिचित उत्पादन याच भूमीतले. शरीरात विघटित होणाऱ्या बहुवारिकाच्या पापुद्र्यात फेज आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक मुरवलेले असते. पापुद्रा जखमेवर झिजत जातो तशी औषधे हळूहळू सुटतात. नेहमीच्या उपचारांनी बऱ्या न झालेल्या व्रणांच्या रुग्णांवरील अनुभव २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाठपुरावा झालेल्या ९६ जणांपैकी ६७ जणांचे व्रण पूर्ण भरले होते. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता, त्यामुळे या आकड्याला पुरावा म्हणून मर्यादित वजन आहे.

लिया गावची घटना अधिक बोलकी आहे. डिसेंबर २००१ मध्ये या जॉर्जियन खेड्यातल्या तीन लाकूडतोड्यांना रानात सोव्हिएत काळातील जनित्रांच्या गरम धातूच्या वस्तू सापडल्या. त्यांनी थंडीत त्या ऊब घेण्यासाठी जवळ ठेवल्या. आत किरणोत्सारी स्ट्राँशियम-९० होते. दोघांच्या अंगावर खोल किरणोत्सारी जखमा झाल्या आणि त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा संसर्ग झाला. रुग्णालयात सुमारे महिना गेल्यावर फागोबायोडर्म लावले तेव्हा दोन ते सात दिवसांत पू येणे थांबले. हा जीवाणू सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नव्हता, फेजांना मात्र देत होता. पापुद्र्यात दोन्ही औषधे असूनही इथला गुण फेजांचा मानायला जागा आहे, ती यामुळे. रुग्ण दोनच होते, हेही विसरून चालणार नाही.

कडक चाचणीचा अनुभव वेगळा आहे. ‘फागोबर्न’ या युरोपीय प्रकल्पात फ्रान्स आणि बेल्जियममधील भाजलेल्या, स्यूडोमोनास एरुजिनोसाचा संसर्ग झालेल्या २७ रुग्णांवर बारा फेजांच्या मिश्रणाची तुलना १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाशी झाली. जीवाणूंची संख्या ठरलेल्या प्रमाणात घटायला मलमाने ४७ तास (मध्यक), तर फेजांनी १४४ तास घेतले. चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. मात्र कारण पाहिल्याशिवाय हा निकाल वाचू नये. तयार केल्यानंतर मिश्रणाची ताकद घसरत गेली आणि मिलिलिटरमागे १० लाख फेज अपेक्षित असताना रुग्णांना मिळाले जेमतेम १० ते १००. फेजांची खरी परीक्षा इथे झालीच नाही. पट्टीतला फेज जिवंत राहून जखमेपर्यंत पोहोचतो का, हा या उपचाराचा कळीचा प्रश्न आहे आणि त्याकडे हवे तितके लक्ष दिले गेलेले नाही, हे या चाचणीने दाखवून दिले.

म्हणूनच अलीकडचे काही महत्त्वाचे संशोधन ड्रेसिंगच्या घडणीवर चालले आहे. अल्जिनेट किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची जेल फेजांना ओलसर ठेवतात. सुकवून साठवायचे असल्यास ट्रेहॅलोज ही शर्करा फेजांच्या प्रथिनांना सांभाळते. धाग्यांवर फेज पक्के बसवताना दिशाही महत्त्वाची असते : अनेक फेज शेपटीने जीवाणूला पकडतात, तेव्हा डोके धाग्याला आणि शेपटी बाहेर अशी मांडणी हवी. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात जेलवर हायलुरोनिक आम्लाचा थर देऊन पाहिला गेला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस स्वतःच्या हायलुरोनिडेझ विकराने तो थर तोडतो आणि फेज सुटतो, म्हणजे संसर्ग असेल तेव्हाच औषध बाहेर येते. ही कल्पना मोलाची आहे, पण ती प्रयोगशाळेत दाखवलेली आहे.

भारतात बनारस हिंदू विद्यापीठातील वैद्यकीय संस्थेत सहा आठवड्यांहून अधिक काळ न भरलेल्या जखमांच्या २० रुग्णांवर रुग्णाच्या जीवाणूनुसार निवडलेले फेज एक दिवसाआड लावण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकविसाव्या दिवशी सात जणांच्या जखमा पूर्ण भरल्या होत्या. यातही तुलनेचा गट नव्हता.

गंगेच्या पाण्यात फेज सापडत असले, तरी नदीचे पाणी जखमेवर घालणे धोक्याचे आहे. त्या पाण्यात रोगकारक जीवाणूही असतात. उपचारासाठी फेज वेगळा करून, शुद्ध करून, त्याची मात्रा मोजून वापरावा लागतो. पायाची जखम भरत नसेल, विशेषतः मधुमेह असेल, तर घरगुती प्रयोगात दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवावे.